तीन वाव पाणी, खाली चिखल

जानेवारीच्या शेवटी मी आणि माझा थोरला भाऊ आमची ३२ फुटी शिडाची बोट घेऊन मुंबईहून दक्षिणेला निघालो. मुंबई ते गोवा हे अंतर समुद्रमार्गे सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचे आहे आणि वारा बरा असेल तर रात्रंदिवस चालून ते दोन-तीन दिवसांत कापता येते. आम्हाला मात्र दिवसा शीड उभारून चालायचे होते आणि रोज संध्याकाळी कोकणातल्या एखाद्या खाडीत किंवा टोकाच्या आडोशाला नांगर टाकून झोपायचे होते. त्यामुळे दुपारचे तीन वाजले की वाऱ्याचा आनंद मागे पडायचा आणि आज रात्री थांबायचे कुठे, हा एकच विषय बोटीवर उरायचा. त्या दहा दिवसांत बोट चालवण्याबद्दल मी जितके शिकले, त्याहून अधिक ती थांबवण्याबद्दल शिकले.

पहिली रात्र आम्ही वाया घालवली. मुरुडला पोहोचलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता, दिवसभर वायव्येकडून वाहणारा खारा वारा पडत चालला होता आणि मुरुडच्या पुळणीसमोरचे पाणी संथ दिसत होते. नकाशात खोली पुरेशी होती आणि तळ वाळूचा दाखवला होता. आणखी तीन मैल जाऊन जंजिऱ्यामागच्या राजपुरी खाडीत शिरावे, असे दादाचे म्हणणे होते, पण अंधार पडायच्या आत काम उरकावे म्हणून मी आग्रह धरला आणि आम्ही उघड्या किनाऱ्यासमोरच नांगर टाकला. रात्री अकराच्या सुमारास जमिनीकडून मतलई वारा सुटला. बोट नांगरावर असताना नाळ, म्हणजे आपले पुढचे टोक, नेहमी वाऱ्याकडे करते, त्यामुळे आमची बोट फिरून पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. समुद्राची फुगोटी मात्र अजूनही वायव्येकडूनच येत होती, कारण हिवाळ्यात अरबस्तानाच्या बाजूला सुटणाऱ्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा इथला वारा पडला तरी आपल्या किनाऱ्यापर्यंत येतच राहतात. त्या लाटा आता आमच्या कुशीवर आदळू लागल्या. डोलकाठी घड्याळाच्या लंबकासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत झुलत होती, फडताळातली भांडी एकमेकांवर आपटत होती आणि आम्ही दोघे बाकाच्या कडेला पाय रोवून पहाटेची वाट बघत होतो. धोका काही नव्हता, नांगर तसूभरही हलला नाही. पण पहाटे उठून पुढचे तीस मैल सुकाणू धरायचे असेल, तर अशी जागा निवडणे ही चूकच आहे आणि ती माझी होती.

सकाळी आम्ही तेथून उठून राजपुरी खाडीत गेलो आणि किल्ल्याच्या आत, पूर्वेच्या बाजूला नांगर टाकला. अंतर जेमतेम तीन मैलांचे, पण जणू दुसराच समुद्र. बाहेरची फुगोटी किल्ल्यावर आणि टोकावर फुटून जात होती, आत पाण्यावर केवळ बारीक तरंग होते. तो सबंध दिवस आम्ही झोपून काढला आणि संध्याकाळी दादाने नकाशा पसरून मला त्याची पद्धत पुन्हा एकदा नीट सांगितली. जागेचा विचार करताना तो वारा आणि लाट या दोन वेगळ्या गोष्टी मानतो. संध्याकाळी पाचला वारा कुठून आहे याला फारसे महत्त्व नसते. मध्यरात्रीनंतर तो कुठून येईल आणि त्या वेळी लाट कुठून येत असेल, हे दोन बाण तो नकाशावर पेन्सिलीने काढतो. ऑक्टोबर ते मे या बोटींच्या हंगामात आपल्या किनाऱ्यावर पहिला बाण बहुतेक वेळा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो आणि दुसरा वायव्येकडून. म्हणून वायव्येला टोक, बेट किंवा किल्ला असलेली जागा शोधायची. ज्या किनाऱ्यावर केवळ लांबलचक सरळ पुळण आहे, तो कितीही सुंदर असला तरी रात्रीच्या मुक्कामासाठी सोडून द्यायचा.

तिसऱ्या दिवशी हर्णै गाठले. सुवर्णदुर्ग वायव्येच्या लाटेला बऱ्यापैकी अडवतो, त्यामुळे आडोसा मिळणार हे नकाशावरून कळत होते. प्रश्न होता पाण्याचा. नकाशावर छापलेली खोली ही मोठ्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, आणि आपण पोहोचतो तेव्हा भरती-ओहोटीचा कोणता टप्पा चालू आहे, त्यावर प्रत्यक्ष पाणी ठरते. आमच्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाची कोष्टके होती. तरी दादा आधी तिथीवरून हिशेब करतो आणि मग कोष्टकाशी ताडून पाहतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना आडाखा आहे. त्या दिवशी चतुर्थी होती, म्हणजे भरती दुपारी तीनला, आणि कोष्टकातही काही मिनिटांच्याच फरकाने तीच वेळ होती.

आम्ही पाच वाजता पोहोचलो तेव्हा इको साउंडरवर, म्हणजे खोली मोजणाऱ्या यंत्रावर, साडेपाच मीटर पाणी दिसत होते, म्हणजे तीन वाव. ओहोटी लागून दोन तास झाले होते. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा जातो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे तीन हिस्से उतरून झाले होते आणि नऊ उरले होते. त्या दिवशीचा एकूण उतार साधारण २.४ मीटर होता, तेव्हा अजून १.८ मीटर पाणी जाणार आणि रात्री नऊच्या सुमारास ३.७ मीटर उरणार. आमची बोट १.६ मीटर पाण्यात बुडते, म्हणजे तळाखाली दोन मीटर शिल्लक, ठीकच होते. त्यानंतर उलटा हिशेब करायचा, आणि नवशिके नेमके तेच विसरतात. साखळी किती सोडायची हे भरतीच्या पाण्यावर ठरते. पाचच्या पाण्यात उतरून गेलेले ०.६ मीटर मिळवले, हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते म्हणून आणखी ०.४ मीटर धरले आणि पाण्यापासून नाळेपर्यंतची दीड मीटर उंची मिळवली, तेव्हा बेरीज आठ मीटर झाली. साखळीसाठी त्याच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर. साखळीऐवजी दोर असता तर सातपट सोडावा लागला असता, कारण साखळी आपल्या वजनाने तळावर पडून राहते आणि नांगराला आडवी ओढ देते. दोर हलका असल्यामुळे नांगर वर उचलला जातो.

हिशेब बरोबर होता, पण जागा चुकलीच. ४० मीटर साखळीवर उभी असलेली बोट वारा फिरला की केवढा मोठा फेर घेते, हे आम्ही धरले होते. मच्छीमारांच्या बोटी आखूड दोरावर उभ्या असतात, त्यांचा फेर लहान असतो आणि त्या आमच्याबरोबर एकाच वेळी फिरत नाहीत, हे धरले नव्हते. अंधार पडत असताना एका बोटीचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, छोट्या होडीतून आमच्याजवळ आले. साठीचे गृहस्थ होते. त्यांनी आमच्या कठड्याला हात लावून होडी धरली आणि म्हणाले, “ताई, इथे नका राहू. पहाटे तीनला आमच्या बोटी ह्याच वाटेने सुटतात, पोरं झोपेत असतात, दिवा दिसंल न दिसंल.” आम्ही नाळेवर पांढरा दिवा लावणारच होतो, पण त्यांचे बोलणे खरे होते. दादाने त्यांना विचारले, “तांडेल, मग तुम्ही सांगाल तिथे जातो. खाली काय आहे तिकडे?” त्यांनी हाताने दिशा दाखवली आणि एकच शब्द सांगितला, “चिखल.” आम्ही नांगर उचलून दोनशे मीटर सरकलो. पहाटे तीनला खरोखरच एकामागून एक इंजिने सुरू झाली आणि आमची आधीची जागा ज्या पट्ट्यात होती, तेथून बोटींची रांग बाहेर पडली. सकाळी किनाऱ्यावर मासळी उतरवून घेण्यासाठी पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या दिसत होत्या. आमच्याकडून त्या कामात अडथळा झाला नाही, याचे मला मनापासून समाधान वाटले.

तळाबद्दल मच्छीमारांना विचारणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण त्यांची जाळी रोज त्याच तळावरून फिरतात. तरी त्यांचे उत्तर आपल्या बोटीसाठी तपासून घ्यावे लागते. त्यांची होडी ओहोटीला चिखलावर बसली तरी बिघडत नाही, आपली बोट मात्र तळाखालच्या खोल पंख्यामुळे (कीलमुळे) आडवी पडते. म्हणून आम्ही शिशाचे वजन बांधलेली, प्रत्येक वावावर खुणा केलेली दोरी बाळगतो. वजनाच्या तळाशी एक खळगा आहे, त्यात मेण भरायचे आणि दोरी सोडायची. वर येताना मेणाला तळाचा नमुना चिकटून येतो. हर्णैला करडा, लोण्यासारखा चिखल आला. तो बोटांत धरून चोळला की मऊ लागतो आणि त्याला कुजलेल्या शेवाळाचा वास येतो. असा चिखल नांगर घट्ट धरतो. वाळूचे कण आले तरी चालते. शंखशिंपल्यांचा चुरा आला तर मी साशंक होते. मेण कोरेच वर आले आणि त्यावर ओरखडा असला, तर खाली खडप, म्हणजे खडक, आहे असे समजून आम्ही पुढे जातो.

जयगडला आम्ही दुसऱ्या दिवशी, पंचमीला पोहोचलो. शास्त्री नदीच्या मुखाशी मोठी जहाजे येतात. त्यांचा मार्ग सोडून, किल्ल्याच्या आतल्या अंगाला, बाजूच्या उथळ पाण्यात आम्ही जागा घेतली. खाडीत नांगर टाकणे हे उघड्या बंदरापेक्षा वेगळे काम आहे, कारण तिथे बोटीवर वारा आणि प्रवाह असे दोन धनी असतात. ओहोटीचे पाणी बाहेर धावत होते आणि खारा वारा आत येत होता. बोट प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली, वारा तिला पाठीमागून पुढे ढकलत राहिला आणि साखळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे बोटीच्या अंगाला घासत राहिली. इंजिन मागे घेऊन नांगर रुजवला, किनाऱ्यावरचा एक दिवा आणि त्याच्यामागच्या टेकडीवरचा दुसरा दिवा एका रेषेत येतो हे पाहून वहीत नोंदवले, बोट जागेवरून सरकली की वाजणारी जीपीएसची घंटा लावली आणि जेवलो.

साडेदहाला घंटा वाजली. मी वर गेले तेव्हा दादा आधीच नाळेवर गुडघे टेकून बसला होता आणि त्याचा उजवा तळहात साखळीवर होता. त्याने मला खुणेने बोलावून माझा हात तिथे ठेवला. रुजलेल्या नांगराची साखळी ताणली की एकसारखी, शांत ओढ लागते. ही साखळी थरथरत होती, मधेच ढिली पडत होती आणि पुन्हा एखादा हिसका देत होती. दोन दिवे आता एका रेषेत नव्हते, पुढचा दिवा बराच डावीकडे सरकला होता. ओहोटी संपून भरती लागली होती, बोट पूर्ण फिरली होती, त्या फिरण्यात नांगर उपटला गेला होता आणि पुन्हा रुजत नव्हता. मी इंजिन सुरू करून बोट धरून ठेवली आणि दादाने नांगर वर घेतला. बॅटरीच्या उजेडात कारण दिसले. नांगराच्या पात्याभोवती टाकून दिलेल्या नायलॉन जाळ्याचा मोठा गुंता बसला होता आणि त्यात चिखल भरून त्याचा गोळा झाला होता. अशा नांगराचे टोक तळात शिरणार कसे? पाव तास सुरीने ते जाळे कापत बसलो. कापलेले तुकडे परत पाण्यात न टाकता पिशवीत भरून ठेवले. मग वरच्या अंगाला, अधिक मोकळ्या पाण्यात पुन्हा नांगर टाकला आणि भरतीच्या दिशेनेही इंजिनाने ओढून पाहिला.

त्या रात्री आम्ही पाळीपाळीने जागलो. तेव्हापासून खाडीत नांगर टाकला की पहिल्या प्रवाहबदलाच्या वेळी, मग तो मध्यरात्री असो की पहाटे, आमच्यापैकी एकजण वर असतोच. यंत्राची घंटा हवी, पण दोन दिव्यांची रेषा आणि साखळीवरचा हात यांवर माझा अधिक विश्वास बसला आहे.

तांत्रिक बाबींइतक्याच गरजेच्या परवानगीच्या बाबीही आहेत. निघण्यापूर्वी कागदपत्रे पूर्ण केली होती आणि प्रत्येक मुक्कामी बंदर कार्यालयाला किंवा सागरी पोलिसांना आम्ही बोटीचे नाव, माणसे आणि पुढचा मुक्काम कळवत होतो. २००८ नंतर आपल्या किनाऱ्यावर अनोळखी बोटीकडे बारकाईने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. दोनदा गस्तीच्या बोटी आल्या, कागद पाहिले आणि निघून गेल्या.

जयगडला एक दिवस विसावा घेऊन आम्ही पहाटे निघालो आणि दुपारी तीनला विजयदुर्गला शिरलो. आतापर्यंत ज्या गोष्टींसाठी तडजोड करावी लागत होती, त्या सगळ्या येथे एकत्र मिळाल्या. वाघोटण खाडीच्या मुखाशी दक्षिण बाजूला किल्ल्याचे टोक समुद्रात घुसले आहे. त्याला वळसा घालून पूर्वेला आत गेले की बाहेरची लाट जवळजवळ नाहीशी होते. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा साचलेला असतो आणि ओहोटीला तो ओलांडता येत नाही. बाणकोटला आणि दाभोळला त्यासाठी भरतीची वेळ साधावी लागते, म्हणून ती दोन्ही मुखे आम्ही टाळली होती. विजयदुर्गला तो अडसर नाही. तळाला चिखल आहे, मतलई वारा आला तरी पाण्याला उसळायला लांबी मिळत नाही आणि किल्ल्याचे बुरूज व धक्क्यावरचे दिवे यांच्यामुळे रात्री रेषा धरायला खुणा भरपूर आहेत. आम्ही मेणाची दोरी टाकली, चिखल आला, ३५ मीटर साखळी सोडली आणि दोन रात्री राहिलो.

आंग्र्यांनी आरमारासाठी ही जागा का निवडली असेल, हे किल्ला पाहण्यापेक्षा त्या पाण्यात रात्र काढल्यावर मला जास्त समजले. खाडीत थोडे आत गिर्ये येथे कातळात खोदलेली त्यांची गोदी आहे. मोठी गलबते भरतीला आत घ्यायची आणि ओहोटीला कोरड्यावर त्यांची डागडुजी करायची, अशी ती सोय होती. पण त्याच पाण्यात फेब्रुवारी १७५६ मध्ये, इंग्रज आणि पेशवे यांच्या मोहिमेत, तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. गलबते एकमेकांशेजारी दाटीने उभी होती, एकाला लागलेली आग दुसऱ्याकडे गेली आणि बाहेर पडायला वाट नव्हती. दादाच्या पेन्सिलीचा शेवटचा बाण याच गोष्टीसाठी असतो. काही बिघडलेच तर अंधारात, एकट्याने, कोणत्या दिशेने बाहेर पडायचे, ती दिशा तो झोपण्यापूर्वी होकायंत्राच्या अंशांत लिहून ठेवतो. विजयदुर्गसारख्या निर्धास्त ठिकाणीही त्याने ती लिहिली.

देवगडचे बंदर आडोशाच्या बाबतीत जवळजवळ तितकेच चांगले आहे. मात्र आमच्याकडे दिवस कमी होते, म्हणून ते बाजूला ठेवून थेट मालवण गाठायचे ठरले. मालवणचा अनुभव वेगळा. सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखाली आणि पाण्याबरोबर असलेली खडपे इतकी आहेत की अनोळखी माणसाने भर दुपारीसुद्धा, सूर्य पाठीशी ठेवूनच पुढे सरकावे. किल्ल्याच्या बाहेर वेग कमी करून पाहत असताना एक मच्छीमार जवळून जाताना ओरडून म्हणाले, “थंय नांगर टाकू नकात, खाली खडप आसा.” खडपाबरोबर तिथे प्रवाळही आहे आणि हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर पडलेला नांगर आणि वाऱ्याबरोबर फिरणारी चाळीस मीटर साखळी एका रात्रीत जे मोडते, ते वाढायला कित्येक वर्षे लागतात. वाळूचा एखादा पट्टा सापडलाही असता, पण वारा फिरल्यावर साखळी कशावरून ओढली जाईल याची खात्री मला देता आली नसती. मालवणला एकदा तरी थांबावे अशी आईची फार इच्छा होती, आणि तिला फोनवर “आम्ही थांबलो नाही” असे सांगताना वाईट वाटले. तरीही हा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

उरलेल्या उजेडात सात मैल पुढे जाऊन आम्ही निवतीच्या टोकाच्या दक्षिणेला आलो. वायव्येला टोक, तळाला वाळू, खोली पाच मीटर, आणि आजूबाजूला दोनच होड्या, त्याही किनाऱ्यालगत. मी नाळेवर उभी राहून हाताने दिशा दाखवली, दादाने बोट वाऱ्यात थांबवली आणि साखळी खडखडत खाली गेली. इंजिन मागे घेतल्यावर मी तळहात साखळीवर ठेवला. एक हलका झटका आला, मग ओढ वाढत जाऊन स्थिर झाली. बाहेर समुद्रात वेंगुर्ला रॉकच्या दीपस्तंभाची उघडझाप सुरू झाली होती.

रात्री पावणेबाराला मतलई वारा आला. त्याला जमिनीवरच्या भाजलेल्या कवळांचा, म्हणजे शेतात जाळलेल्या फांद्या-पाल्याचा, धुराचा वास होता. बोट सावकाश फिरली आणि टोकाला वळसा घालून येणारी थोडी लाट कुशीवर लागू लागली. मुरुडच्या मानाने ती काहीच नव्हती. दादाने झोपेतच विचारले, “रेषा?” मी किनाऱ्यावरचे दोन दिवे पाहिले, ते एकामागे एक होते. “आहे,” म्हणाले, आणखी पाच मीटर साखळी सोडली आणि वहीत वेळ लिहून ठेवली.